त्याच्या नावाचा करंडक नको, आधी ते दार उघडा

प्रति,
बडोद्यातली नाट्यगृहं आणि सभागृहं चालवणारे सर्व पदाधिकारी,
आणि या शहरात मराठी नाटक बसवणारी सर्व मंडळं यांस

सप्रेम नमस्कार.

आमचा मित्र भर प्रयोगात विंगेत कोसळला आणि पुन्हा उठला नाही, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, तुमच्यापैकी बहुतेक जण आलात, त्याच्या आईजवळ बसलात, तिच्याशी बोललात. ते आम्ही विसरणार नाही. हे पत्र त्यानंतर जे घडलं आणि जे घडलं नाही त्याबद्दल आहे.

घडलं ते असं. त्याच्या मंडळानं जाहीर केलं की येत्या मोसमापासून एकांकिका स्पर्धेत उत्कृष्ट अभिनेत्याला त्याच्या नावाचा फिरता करंडक द्यायचा, आणि पहिला करंडक त्याच सभागृहात मोठी स्मृतिसंध्या करून द्यायचा. पत्रिकेचा मसुदा आम्हाला दाखवला गेला, त्याच्या फोटोसकट. आणि घडलं नाही ते हे, की त्या रात्रीनंतर त्या सभागृहात काहीही बदललेलं नाही. मी प्रकाशयोजना करते. नुकतीच एका नृत्याच्या कार्यक्रमाचे दिवे लावायला तिथे गेले होते. प्रेक्षागृहातून रंगमंचामागे जाणाऱ्या छोट्या दाराला कुलूप तसंच. मागच्या फाटकात खुर्च्यांची चळत तशीच. आम्ही आधी बंद पाकिटातून लिहिलं, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

त्याचं नाव इथे घेत नाही, कारण घरच्यांची तशी इच्छा आहे. सभागृहाचं आणि मंडळाचं नावही मुद्दाम लिहिलेलं नाही. एका वास्तूकडे बोट दाखवलं की बाकीचे सगळे सुटतात, आणि आम्हाला कुणालाच सोडायचं नाहीये. या शहरातल्या बहुतेक रंगमंचांवर मी दिवे लावले आहेत. जे त्या सभागृहात आहे ते थोड्याफार फरकानं सगळीकडे आहे.

त्याला ज्यांनी फक्त प्रेक्षागृहातून पाहिलं त्यांना तो कसा नट होता ते सांगायला नको. विंगेतून कसा दिसायचा ते आम्ही सांगू शकतो. दांडिया बाजारातल्या गणपतीपुढच्या नाटुकल्यांपासून आम्ही एकत्र. पुढे तो मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरीला लागला. शिफ्ट संपवून थेट तालमीला यायचा, डबा कधी कधी तसाच बंद असायचा, मग सगळ्यांनी मिळून तो संपवायचा. स्वतःचं काम पाठ व्हायच्या आधी इतरांचं पाठ करायचा. कोर्टाच्या एका प्रसंगात समोरची मुलगी वाक्य विसरली. प्रॉम्प्टरचा आवाज तिच्यापर्यंत पोचेना. मी वरून पाहत होते, तिचे डोळे नुसते भिरभिरत होते. यानं खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाला, "म्हणजे त्या रात्री तुम्ही घरी नव्हतात, असंच ना?" तिचंच वाक्य प्रश्न करून तिच्या हातात दिलं. ती सावरली. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही, उलट त्या चष्मा पुसण्याला टाळी पडली.

आणि एक गोष्ट, जी बडोद्याबाहेरच्या माणसाला कदाचित नवी वाटेल. प्रत्येक प्रयोगाला तो शेजारच्या गुजराती मंडळींना आग्रहानं बोलवायचा. त्यांच्यासाठी नाटकाचं कथानक स्वतःच्या हातानं गुजरातीत अर्ध्या पानावर लिहायचा, झेरॉक्स काढायचा आणि दारात उभा राहून वाटायचा. मेकअप करायला उशीर होतोय म्हणून दिग्दर्शक ओरडायचे तरी वाटायचा. पहिल्या रांगेत बसून मराठी नाटक बघणाऱ्या त्या मासी बेसण्याला आल्या होत्या. त्यांनी ते सगळे कागद जपून ठेवले आहेत. या शहरात मराठी नाटक टिकायचं तर ते फक्त मराठी घरांवर टिकणार नाही, असं तो म्हणायचा, आणि तसं वागायचा.

आता त्या रात्रीबद्दल. दुसऱ्या अंकातला त्याचा प्रवेश संपला, तो विंगेत आला, लेव्हलच्या, म्हणजे नेपथ्यातल्या चौथऱ्याच्या, कडेला बसला आणि खाली कोसळला. रंगपटातली मंडळी धावली. कुणी पाणी आणलं, कुणी पाय चोळले, कुणी कांदा शोधायला पळालं. छाती दाबायची असते, हे तिथे एकालाही शिकवलेलं नव्हतं. पडदा पडला, माइकवरून डॉक्टरांना हाक गेली. तिसऱ्या रांगेत डॉक्टर होते, ते लगेच उठले. पण त्या छोट्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली वॉचमनकडे होती. वॉचमन खाली दुचाक्या लावून घेत होता. डॉक्टर शेवटी पुढच्या कठड्यावरून रंगमंचावर चढले, वयस्कर गृहस्थ, दोघांनी त्यांना वर ओढलं. १०८ला फोन केला होता, गाडीही आली, पण मागच्या गल्लीत दुसऱ्या दिवशीच्या लग्नाच्या मंडपवाल्याचा टेम्पो आडवा उभा होता. रंगमंचामागच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना, म्हणून त्याला चादरीवर उचलून आणला.

तो नक्की वाचला असता असं आम्ही म्हणत नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. पण त्याला जी संधी मिळायला हवी होती ती मिळाली नाही, एवढं मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. हृदय अचानक बंद पडलं की मेंदूला प्राणवायू मिळणं थांबतं आणि ४ ते ६ मिनिटांत कायमची इजा व्हायला लागते. छाती दाबणं आणि विजेचा झटका देणं यांत जितका उशीर होईल, तितकी माणूस वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणजे गाडी कितीही वेगानं आली तरी ती येईपर्यंतची मिनिटं जवळच्या माणसांच्याच हातात असतात. त्या मिनिटांत आपण किल्ली शोधत होतो.

व्यवस्थापनाकडून जी तोंडी उत्तरं मिळाली तीही लिहिते, म्हणजे आमचं काय खटकलंय ते कळेल.

"असा प्रकार याआधी आमच्याकडे कधी झाला नव्हता." या वाक्यानं आम्हाला फार दुखावलं. जानेवारी २०२४मध्ये आपल्याच हरणी तलावात नाव उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात राजकोटच्या गेमझोनमध्ये आग लागली, २७ जीव गेले. त्या आधीच्या दिवसापर्यंत तिथेही असंच म्हणता आलं असतं. राजकोटनंतर तपासण्या झाल्या, आज सभागृहाच्या भिंतीवर लाल नळकांडं आहे, त्याच्या गळ्यात तारखेची चिठ्ठी आहे. आग अजून लागलेली नाही म्हणून ते नळकांडं कुणी काढून टाकत नाही.

"सभागृह भाड्यानं घेणाऱ्या संस्थेची ती जबाबदारी." मी भाड्याचा छापील फॉर्म पुन्हा काढून वाचला. भिंतीला खिळा मारायचा नाही, प्रेक्षागृहात खाद्यपदार्थ न्यायचे नाहीत, वेळ टळली तर डिपॉझिटमधून कापणार, पडद्याला टाचण्या लावायच्या नाहीत. माणूस आजारी पडला तर काय करायचं, कुठलं दार उघडं असेल, किल्ली कुणाकडे असेल, याबद्दल एक ओळ नाही. ज्या दाराची किल्ली आम्हाला दिलीच जात नाही त्याची जबाबदारी आमची कशी?

"ते यंत्र ठेवणं सक्तीचं नाही." ते यंत्र म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी. खरं आहे, सक्तीचं नाही. गरब्यालाही एके काळी वैद्यकीय पथक सक्तीचं नव्हतं. २०२३च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळता खेळता तरुण मुलं कोसळल्याच्या बातम्या आल्या आणि मोठ्या मैदानांवर अ‍ॅम्ब्युलन्स आणि वैद्यकीय पथक असलंच पाहिजे असं सरकारनं आयोजकांना बजावलं. त्याच वर्षी डिसेंबरात राज्यभरच्या शिक्षकांना छाती दाबण्याचं, म्हणजे सीपीआरचं प्रशिक्षण दिलं गेलं. गरब्याचं हे शहर. मैदानावर नाचणाऱ्याची काळजी आपण घ्यायला शिकलो. मग दिव्यांच्या उष्णतेत, जरीच्या अंगरख्यात, टोप लावून दोन-अडीच तास उभ्या राहणाऱ्या नटाची का नाही? मी ते दिवे लावते. त्यांच्याखाली किती उकडतं ते मला माहीत आहे.

इथवर सभागृहांशी बोलले. आता मंडळांशी बोलायचं आहे, आणि ते जास्त अवघड आहे, कारण तुम्ही आमचे आहात.

त्या आठवड्यात तो दमलेला होता. रात्रपाळी, मग दिवसा तालीम, मग शनिवार-रविवार प्रयोग. एका प्रयोगापुरता बदली नट उभा करता येईल का, असं त्यानं विचारलं होतं. "तिकिटं गेली आहेत," एवढंच उत्तर त्याला मिळालं. ते कुणी वाईट मनानं दिलं असेल असं मला वाटत नाही. आपण सगळेच त्या संस्कारात वाढलो आहोत. १९११ साली मुलगी गेली त्याच दिवशी बालगंधर्व नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला उभे राहिले, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून सांगितली जाते आणि ऐकताना आपली मान आदरानं लवते. माझीही लवते. पण तो त्यांनी स्वतःपुरता घेतलेला निर्णय होता. तसाच निर्णय दुसऱ्यानं घ्यावा अशी अपेक्षा कुठल्याही मंडळाच्या कार्यकारिणीला करता येत नाही. आपण हौशी आहोत. कुणाचंही पोट या प्रयोगावर चाललेलं नाही. पुढे ढकललेल्या प्रयोगाची तिकिटं परत करता येतात.

अकाली गेलेल्या नटांचं दुःख बडोद्याला नवं नाही. भाऊराव कोल्हटकर आपल्या बडोद्याचे. किर्लोस्कर मंडळीत गेले आणि त्यांच्या गळ्यानं अवघ्या मराठी मुलखाला वेड लावलं. १९०१ साली गेले, तेव्हा तेही चाळिशीच्या अलीकडेच होते. केशवराव भोसले १९२१च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर रंगमंचावर उभे राहिले आणि ऑक्टोबरात विषमज्वरानं गेले, वय ३१. विषमज्वर बरा करणारं प्रतिजैविक तेव्हा जगात कुठेच नव्हतं. त्यांच्या सोबत्यांनी हळहळण्यापलीकडे काय करायचं होतं? आपल्याला ती सबब नाही. आज उपाय आहे, यंत्र आहे, शिकवणारी माणसं याच शहरात आहेत. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, पुढे गंधर्व नाटक मंडळीला राजाश्रय दिला. कलावंताची काळजी घेणं हे संस्थेचं काम आहे, हे बडोद्याला बाहेरून कुणी येऊन शिकवण्याची गरज नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

प्रयोग चालू असेपर्यंत प्रेक्षागृह आणि रंगमंच यांच्यामधलं दार उघडं राहिलं पाहिजे. चोरीची भीती असेल तर तिथे माणूस बसवा, कुलूप लावू नका. याला एक रुपया खर्च नाही, त्यामुळे यासाठी कुठल्या ठरावाची वाट पाहण्याचंही कारण नाही. हे उद्यापासून करता येईल.

मागचं फाटक आणि गल्ली मोकळी ठेवा. दुसऱ्या कार्यक्रमाचा टेम्पो आला तरी प्रयोग संपेपर्यंत तो बाहेरच थांबेल, हे भाड्याच्या फॉर्ममध्ये छापा आणि पाळा. जिन्याचं वळण तोडून रुंद करणं लगेच शक्य नसेल, हे आम्हाला कळतं. पण तिथून माणूस कसा उतरवायचा याची एकदा तालीम करून पाहा.

प्रत्येक नाट्यगृहात एक एईडी यंत्र हवं. छातीवर दोन पट्ट्या चिकटवल्या की ते स्वतः हृदयाचे ठोके तपासतं, काय करायचं ते बोलून सांगतं आणि गरज असेल तरच झटका देतं. डॉक्टर नसलेल्या माणसानं वापरावं म्हणूनच ते बनवलेलं आहे. त्याची किंमत लाखाच्या आगेमागे असते. एकट्या मंडळाला ती जड जाईल, पण वर्षभर भाडं घेणाऱ्या वास्तूला जड जाऊ नये. ते विंगेजवळ, दिसेल अशा जागी लावा, व्यवस्थापकाच्या कपाटात नको. त्याची बॅटरी आणि पट्ट्या ठरावीक मुदतीनं बदलाव्या लागतात, तीही तारीख त्या लाल नळकांड्यासारखी बाहेर लिहिलेली असावी.

वॉचमनपासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना आणि प्रत्येक मंडळातल्या निदान चार जणांना सीपीआर आलं पाहिजे. आम्ही मित्रांनी त्याच्या पश्चात ते शिकून घेतलं. ओळखीच्या डॉक्टरांनी पुतळा आणून शिकवलं. छातीच्या मधोमध, साधारण ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं असतं, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नसतं. आमच्या तबलजीनं ती लय पहिल्याच खेपेला धरली, आणि मग बाकीच्यांना त्यानंच शिकवली. हात भरून येतात, म्हणून माणसं आलटून पालटून लागतात. ही गोष्ट एका संध्याकाळी शिकून होते.

तिसऱ्या घंटेआधी मोबाइल बंद करायची सूचना आपण देतोच. तिच्यात आणखी दोन वाक्यं घाला: बाहेर जायची दारं कुठे आहेत, आणि प्रथमोपचाराचं साहित्य कुठे आहे.

मंडळांसाठी वेगळं. मोठ्या भूमिकेला बदली नट तालमीपासून तयार ठेवा. नटानं "मला बरं वाटत नाही" म्हटलं तर त्याचा शब्द शेवटचा माना. छातीवर दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, यांतलं काहीही असलं तर अ‍ॅसिडिटी असेल म्हणून सोडा पाजून उभं करू नका, दवाखान्यात न्या. आणि विम्याबद्दल: काही मंडळं अपघात विमा काढतात, ते चांगलंच आहे. पण अपघात विम्यात सहसा आजारानं किंवा हृदय बंद पडून आलेला मृत्यू येत नाही. त्याच्या पत्नीला हे फार उशिरा कळलं. सभासदांसाठी सामूहिक जीवन विमा काढा, त्यात मृत्यूचं कारण आजार असला तरी कुटुंबाला पैसे मिळतात. करंडकासाठी जी रक्कम बाजूला ठेवली आहे ती त्याच्या पहिल्या हप्त्याला वापरा. त्याच्या घरच्यांची याला संमती आहे, मी विचारूनच लिहिते आहे.

आणि करंडकाबद्दल. आम्ही त्याच्या स्मृतीच्या विरोधात आहोत असं काही जण बोलू लागले आहेत, ते कानावर आलं. त्याची आठवण आम्हाला करंडकाशिवायही रोज येते. पण ज्या विंगेत तो खाली पडून होता, तिथूनच एखादा तरुण नट त्याच्या नावाचा करंडक घ्यायला रंगमंचावर जाणार आणि त्या मुलाला काही झालं तर पुन्हा किल्लीच शोधावी लागणार, हे आम्हाला सहन होणार नाही. हे सगळं आधी करा. मग करंडक द्या, संध्याकाळ साजरी करा, दिवे मी लावीन, आणि गुजराती कथानकाची अर्धी पानं आम्ही सगळे मिळून लिहू.

मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक सभागृहानं आणि मंडळानं यातलं काय करणार, कधी करणार, हे लेखी कळवावं. जे करता येणार नाही त्याचं कारणही लिहावं, आम्ही ते समजून घेऊ. सीपीआर शिकवायला डॉक्टर आणि पुतळा घेऊन आम्ही स्वतः येऊ, त्याचे पैसे नकोत. तुम्ही फक्त तारीख द्या आणि त्या संध्याकाळी वॉचमनलाही बसायला सांगा.

आपली,
त्याची मैत्रीण, आणि तालमीतले त्याचे सगळे सोबती
बडोदे